तिचा ‘ळ’

“तयाच्या पायी,” मी म्हणाले, आणि हळू म्हणाले नाही. सौंसरच्या त्या मंगल कार्यालयात शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

स्टेजवर माझी भाची उभी होती. हिरवा शालू, नाकात नथ, उजवा हात अर्धा वर. नाटकातलं पद म्हणता म्हणता ती थांबली होती. तबला थांबला होता, पेटी थांबली होती. एवढ्या लोकांत कोणी खोकतही नव्हतं. मला वाटलं, पोरगी विसरली. मी दुसऱ्या ओळीत बसले होते. पुढचा शब्द मला पाठ होता, म्हणून दिला.

पद असं होतं: ‘सावळ्या वेळी, तळ्याच्या पाळी, कमळ मिटून जाई.’ पाळ म्हणजे तळ्याचा बांध. ती ‘सावळ्या वेळी’ म्हणून थांबली होती, पुढे ‘तळ्याच्या पाळी’ यायला पाहिजे होतं. पण माझ्या तोंडात ळ नाही. आमच्याकडे पांढुर्णा-सौंसरला जुन्या माणसांच्या बोलण्यात ळचा य होतो. डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, डाळीला डाय, शाळेला शाया. लिहिताना मी ळ लिहिते, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे. बोलताना य निघतो. तळ्याची पाळ माझ्या तोंडून कोणाच्या तरी पायावर जाऊन पडली.

लोक हसले. वाईट नाही हसले, आपलेच लोक होते. मागून एक म्हातारा म्हणाला, “बरोबर आहे वो बाई, आपल्या इकडे पायीच म्हनते.” त्यावर अजून हसले. मग आठ-दहा जणांनी एका सुरात ‘तयाच्या पायी’ म्हटलं आणि टाळ्या धरल्या.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं आणि गायली. ‘तयाच्या पायी, कमय मिटून जाई.’

वर्ष-दीड वर्ष खपून तिने ळ शिकला होता. तो तिथे गेला. राहिलेलं सगळं पद तिने ‘य’मध्ये म्हटलं. राजकन्येचं काम होतं तिचं, आणि राजकन्या रामाकोन्याच्या बाजारात भाजी घ्यायला आल्यासारखी गात होती. लोकांनी शिट्या मारल्या. पडद्याच्या कडेला नाटक बसवणाऱ्या नागपूरच्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला.

पहिल्या ओळीत मुंबईहून आलेला एक माणूस बसला होता. टीव्हीच्या मालिकांसाठी नट निवडायचं त्याचं काम. मॅडमच्या ओळखीने तो आला होता, खास माझ्या भाचीला पाहायला. जुन्या काळच्या एका गाणाऱ्या बाईवर मालिका निघणार होती आणि त्यात खरोखर गाता येणारी तरुण मुलगी पाहिजे होती. त्याने मागे वळून मला नीट पाहिलं. मग स्टेजकडे पाहिलं. मग मोबाइल काढून त्यात काहीतरी लिहिलं.

नाटक संपल्यावर मी मागच्या खोलीत गेले. लग्नाच्या गाद्या रचून ठेवायची खोली होती. ती त्या गाद्यांवर बसून तोंडाचा रंग पुसत होती.

“आत्या,” ती म्हणाली, “मी विसरली नव्हती.”

“मंग थांबली काहून?”

“तिथं थांबायचंच होतं. मॅडमनं मागच्या हप्त्यात बसवलं ते. सावळ्या वेळी म्हनायचं अन् चूप राहायचं. लोकायनं वाट पाहावं म्हनून.”

“मले काय मालूम?”

“तुले कसं मालूम होईल.”

रागाने बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती रागाने बोलली नाही. कापूस रंगाने भरला की दुसरा घेत होती.

“पन तू काहून य म्हनला?” मी विचारलं. “तुले तर ते अक्षर येते.”

“तुहा आवाज कानात आला ना. तोंडानं कानाचं ऐकलं.”

तेवढ्यात माझा भाऊ आला. भाऊ म्हणजे तिचा बाप, सौंसरलाच मास्तर आहे. तो दारातूनच म्हणाला, “ताई, तुले घरी ठेवलं असतं तर बरं झालं असतं.”

“मंग ठेवाचं होतं,” मी म्हणाले. “तुही पोरगी बारा वर्सं ठेवली मी माह्या घरी. तू मले एक दिवस ठेवलं असतं तुह्या घरी.”

 पोरगी नाटकमंडळीच्या गाडीत बसून नागपूरला गेली. मी पांढुर्ण्याची बस धरली. बसमध्ये एक बाई नाटक पाहून आलेली होती. ती आपल्या सुनेला सांगत होती, “गानं मोठं चांगलं होतं वो, आपल्या भाषेत होतं.” मी खिडकीकडे तोंड केलं.

भावाची पहिली बायको पोरगी चार वर्षांची असताना वारली. वर्षाच्या आत त्याने दुसरं लग्न केलं. नवी बायको वाईट नव्हती, पण तिला लगेच जुळे झाले आणि घरात पाचव्या माणसाला जागा राहिली नाही. भाऊ पोरीला घेऊन पांढुर्ण्याला माझ्याकडे आला. म्हणाला, उन्हाळ्यापुरती ठेव. उन्हाळा संपल्यावर तो आला नाही आणि मी बोलावलं नाही. माझा नवरा त्याआधीच गेलेला होता, मूल नव्हतं. नवऱ्याच्या दोन खोल्या होत्या. मी संत्र्याच्या मंडीत फळं निवडायला जायची. मोठं फळ एकीकडे, लहान एकीकडे, डागाळलेलं तिसरीकडे. पोरगी शाळेतून तिथेच यायची आणि डागाळलेल्या ढिगावर बसून अभ्यास करायची. अंगाला कायम संत्र्याच्या सालीचा वास. वर्गातल्या पोरी तिला ‘संतरा’ म्हणायच्या. ती रडत यायची तेव्हा मी सांगायची, “भोपया तं नाई म्हनत ना? मंग गप बस.”

गल्लीतल्या बायांचं भजनी मंडळ होतं. मी जायची, घरी एकटी कुठे सोडू म्हणून तिला न्यायची. तिथे ती गायला लागली. मी शिकवलं असं कोणी म्हणू नये, मला काही येत नाही. मी म्हणायची, ती ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगलं म्हणून दाखवायची. फक्त तिला गाणं आणि य एकाच वेळी मिळाले. पुढे ते वेगळे करताना तिला त्रास झाला.

आमचं गाव हिंदी राज्यात, म्हणून तिची शाळा हिंदी होती. हिंदीत ळ नसतोच. घरी य, शाळेत ल. पोरीला ळ भेटणार कुठे? ती शिकायला नागपूरला गेली, तिथे या मॅडमच्या नाटकमंडळीत शिरली, तेव्हा पहिल्यांदा कोणी तिला सांगितलं की तुला एक अक्षर येत नाही. मॅडम तिला म्हणाल्या, तुझा गळा सोन्याचा आहे, पण संगीत नाटकात ‘डोये’ चालणार नाहीत. प्रेक्षक तिकीट काढून व्याकरण तपासायला येतात. तुझा ळ आला की मुख्य काम तुझं.

मॅडमनी तिला एक वाक्य दिलं होतं. ‘काळ्या मळ्यातली कोवळी केळी.’ सुट्टीत पांढुर्ण्याला आली की ती हे वाक्य दिवसभर म्हणायची. जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. चहा ठेवताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. एक दिवस तिने मला बसवलं.

“आत्या, तू म्हन.”

“काया मयातली कोवयी केयी.”

“जीभ वर कर.”

“वर केली तं बोलू कशानं?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण पाहायला आली. मला ळ आला नाही. तिला आला. आला तेव्हा ती पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून गाडी निघताना फोनवर मला म्हणाली, “आत्या, ऐक. काळ्या मळ्यातली कोवळी केळी.” स्वच्छ होता. फोनमधूनसुद्धा कळला. मी म्हणाले, “बरं झालं. आता गाडीत चोरायवर लक्ष ठेव.” त्या दिवशी मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. का ते तेव्हा मला कळलं नाही आणि मी शोधलंही नाही.

पोरीला एकच पाहिजे होतं. स्टेजवर उभं राहून गायचं. लोक म्हणतात पोरींना टीव्हीवर जायचं असतं, चेहरा दाखवायचा असतो. हिला नाही. ही म्हणायची, “आत्या, गानं झालं की टाळी वाजायच्या आंधी एक घडीभर सारे चूप राहते ना, मले ते पाहिजे.” मुंबईच्या माणसाला भेटायला ती तयार झाली ते त्या मालिकेत गाणं होतं म्हणून. सौंसरला प्रयोग लावायचा आग्रहही तिचाच. आपल्या माणसांसमोर तिला गायचं होतं. मला दुसऱ्या ओळीत बसवलं तेही तिनेच. भावाने मला मागे बसवलं होतं, तिने निरोप पाठवून पुढे आणलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पंधरा दिवसांनी मुंबईच्या माणसाचा तिला फोन आला. गाणारीचं काम दुसऱ्या मुलीला मिळालं होतं. पण त्याच्याकडे आणखी एक मालिका होती. त्यात एका श्रीमंत घरातली मोलकरीण होती, विदर्भातली, सारखी काहीतरी बोलणारी, लोकांना हसवणारी. तो म्हणाला, “तुम्ही सौंसरला जसं बोललात ना, तसंच पाहिजे. ती मागे बसलेली बाई बोलली तसं.”

ती बाई म्हणजे मी.

तिने घेतलं ते काम. मॅडमना सांगितलं, सहा महिन्यांत परत येते. मला फोन केला तेव्हा म्हणाली, “आत्या, तुह्या तोंडानं नोकरी लागली मले.” मी हसावं म्हणून म्हणाली असेल. मला हसू आलं नाही. मी विचारलं, “गानं आहे का त्यात?” ती म्हणाली, “भांडे आहे.”

मालिका लागली. रोज संध्याकाळी साडेसातला. गल्लीतल्या बाया माझ्या घरी येऊन बसायच्या, प्रत्येकीच्या घरी टीव्ही असून. शेजारीण पहिल्याच दिवशी म्हणाली, “काय वो, तुमची पोट्टी टीव्हीवर भांडे घासून राहिली. इथं तं कधी आपलं ताट उचललं नाई.”

“इथं कॅमेरा नव्हता,” मी म्हणाले.

पोरगी काम चांगलं करायची. खोटं कशाला सांगू. ती बोलायला लागली की हसू यायचं. ती काही बोलली की मालिकेत मागून एक ‘टुईं’ असा आवाज यायचा. म्हणजे हसा. मालकीण बोलली की तसा आवाज यायचा नाही. मालकीण पुण्याची भाषा बोलायची. वकील, डॉक्टर, चांगली सून, वाईट सून, सगळे पुण्याची भाषा बोलायचे. आमची भाषा बोलणारी ती एकटी, आणि तिच्या हातात फडकं. हे मला पहिल्या आठवड्यातच दिसलं. बायांना दिसलं की नाही माहीत नाही. त्या म्हणायच्या, आपली भाषा टीव्हीवर आली.

ती मला रोज फोन करायला लागली. आधी आठ दिवसांनी करायची, आता रोज. लिहिणारा माणूस ठाण्याचा होता, त्याला आमची बोली येत नव्हती. तो पुण्याच्या भाषेत लिहायचा आणि हिला सांगायचा, तुझ्या भाषेत कर. ती वाढली माझ्याजवळ, पण शब्द तिला सगळे आठवायचे नाहीत.

“आत्या, गुडघ्याला काय म्हणतो आपण?”

“टोंगया.”

“आणि वेडा माणूस?”

“बह्याड.”

“कोणी जास्त शहाणपणा केला तर काय म्हणायचं?”

“मोठा आला शायना.”

“अजून?”

“अजून म्हंजे? किती झनायचं भांडन आहे तुह्या मालिकेत?”

मी तिच्या फोनसाठी शब्द जमवायला लागले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मंडी आता सुटली होती, वय झालं. दिवस मोठा असतो. सकाळी बस स्टँडकडे जाऊन भाजीवाल्या बायांजवळ बसायची, कोण कसं भांडते ते ऐकायची. एखादा शब्द चांगला निघाला की घरी येईपर्यंत तोंडात घोळवायची. संध्याकाळी तिला द्यायची. ती म्हणायची, “वा आत्या, हे एक नंबर.” मग म्हणायची, “ठेवते, मेकअपला बोलावलं.” जेवली का, हे ती विचारायची नाही, आणि मीही सांगायची नाही. एका माणसाचं जेवण ते काय सांगायचं. सकाळी दोन भाकरी टाकल्या की एक संध्याकाळी होते.

एक दिवस फोनवर मी आपलं सांगितलं, शब्द म्हणून नाही, “माहे टोंगये दुखून राहिले वो माय. उठलं तं बसवत नाई, बसलं तं उठवत नाई.” ती म्हणाली, तेल लाव. दहा-बारा दिवसांनी मालिकेत मोलकरीण फरशी पुसता पुसता थांबली. एक हात भिंतीला लावला, एक हात गुडघ्यावर, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “माहे टोंगये दुखून राहिले वो माय. उठलं तं बसवत नाई, बसलं तं उठवत नाई.”

टुईं.

खोलीतल्या बाया पोट धरून हसल्या. शेजारीण म्हणाली, “अवं, हे तं डिट्टो तुम्हीच.” हात भिंतीला तसाच लावला होता, बोटं पसरून, मी लावते तसा. आपण असे दिसतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी टीव्ही बंद केला नाही. पुढचं पाहिलं. जाहिराती पण पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी म्हणाले, “माहे टोंगये मुंबईले दुखून राहिले म्हने.”

ती हसली. “आत्या, लिहिणाऱ्याला फार आवडलं ते.”

“त्याले सांग, आवडलं तं घेऊन जाय. दोन्ही घेऊन जाय.”

“रागावलीस का?”

“नाई. आज कोनता शब्द पाहिजे?”

तिने विचारला, मी दिला. न देऊन काय केलं असतं? दुसरं काही तिला माझ्याकडून पाहिजे नव्हतं आणि दुसरं काही माझ्याजवळ नव्हतंही.

सहा महिन्यांची मालिका दोन वर्षं चालली. त्यात ती एकदा दिवाळीला पांढुर्ण्याला आली, दोन दिवस. दारात रांग लागली. ज्या पोरी तिला संतरा म्हणायच्या त्या आपली लेकरं कडेवर घेऊन फोटो काढायला आल्या. सगळ्यांना ती मोलकरणीचं बोलणं म्हणून दाखवायची. लोक गेले की थकून बाजेवर पडायची आणि माझ्याशी बोलायची ते पुण्याच्या भाषेत. मुद्दाम नाही. दिवसभर आमची बोली कामासाठी वापरली की काम संपल्यावर ती काढून ठेवत असेल, साडीसारखी.

मी म्हणाले, “एखादं पद म्हन. घरात कोनी नाई.”

“गळा बसलाय आत्या.”

गळा. ळ जागच्या जागी होता. मी पुन्हा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ सौंसरहून गाडी घेऊन आला आणि तिला आपल्या घरी घेऊन गेला, तिथूनच ती नागपूरच्या विमानाला गेली. भावाच्या घराबाहेर आता तिचा मोठा फोटो लावलेला आहे, फडकं खांद्यावर असलेला.

मालिका संपत आली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तिचा फोन आला, शब्दासाठी नाही. आवाज वेगळा होता.

“मॅडमचा फोन आला होता,” ती म्हणाली. “तेच नाटक पुन्हा करतायत. राजकन्येचं काम माझ्यासाठी ठेवलंय. पदं सगळी मला. मोठा दौरा नाही, पण नागपूर-अमरावती-पुणे करणार आहेत.”

“मंग?”

“मंग काय. इकडे दुसरी मालिका आली आहे. तारखा एकच आहेत.”

“त्यात कोन आहे तू?”

ती म्हणाली, “स्वयंपाकाची बाई.”

मग ती म्हणाली, “आत्या, मी स्टेजवर आले की लोक हसतील. राजकन्या म्हणून आले तरी हसतील. मी तोंड उघडायच्या आधी हसतील. आता सगळे ओळखतात मला. गाणं कसं ऐकतील?”

“मॅडम काय म्हनते?”

“त्या म्हणतात, पहिली पाच मिनिटं हसतील, मग ऐकतील.”

“अन् तुले काय वाटते?”

“मला कळत नाही. तू सांग. तू सांगशील ते करते.”

ती हे खरंच विचारत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे शब्द मागितला नाही, मत मागितलं. मला मत होतं. मला वाटत होतं की तिने नाटक घ्यावं. हसले तर हसू द्यावं. मॅडमचं बरोबर होतं. माझ्या जिभेवर आलं होतं.

पण मी म्हणाले, “मी नाई सांगत. सौंसरले एक डाव सांगतलं, तेवढं पुरं झालं.”

“आत्या, ते जुनं झालं.”

“झालं असंन. तू आपलं पाहा.”

फोनमध्ये तिच्याकडच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, “बरं,” आणि ठेवला.

शेजारणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्ही सांगाचं होतं वो. पोट्टी तुमच्या तोंडाकडे पाहून होती.” असेल. मला माहीत नाही. मी सांगितलं असतं आणि लोक शेवटपर्यंत हसले असते, तर? तेव्हा मी दुसऱ्या ओळीत बसून काय केलं असतं? एकदा तिच्या मधे बोलून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही. याला शहाणपण म्हणायचं की भित्रेपण, ते ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं.

तिने मालिका घेतली. राजकन्येचं काम मॅडमनी वर्ध्याकडच्या एका मुलीला दिलं. नागपूरला प्रयोग झाला, पेपरात फोटो आला, तोच हिरवा शालू असावा. मी गेले नाही. कोणी बोलावलंही नव्हतं.

नवी मालिका कोल्हापूरच्या घराची आहे. त्यात ती स्वयंपाक करते आणि कोल्हापूरचं बोलते. त्यांनी तिला शिकवायला तिकडचा एक माणूस ठेवला आहे. ‘काय करालाय,’ ‘जेवालाय न्हवं,’ असं बोलते. चांगलं बोलते, तिला कान आहे. बाया आता माझ्या घरी जमत नाहीत. शेजारीण म्हणाली, “ते आपलं नाई वाटत.” मी एकटी पाहते. टुईं तोच आहे.

कोल्हापूरच्या बोलीत माझा काही उपयोग नाही. पहिले काही दिवस साडेचार वाजले की मी मोबाइल जवळ घेऊन बसायची, तेव्हा तिचा फोन यायचा. मग एक दिवस मीच लावला.

“आत्या, शूटिंग चाललंय. काही काम होतं का?”

“नाई. एक शब्द सापडला होता.”

“कोणता?”

मी सांगितला. ती हसली, मनापासून हसली, ते मला कळतं. मग म्हणाली, “आता तो कुठे वापरू? बरं, ठेवते. वेळ नाही गं आता.”

तेव्हापासून ती सणासुदीला फोन करते. भावाला पैसे पाठवते, माझ्या औषधाचं पाहते, सोडलेलं नाही तिने मला. सौंसरला कोणी विचारलं तर भाऊ सांगतो, पोरगी मोठी झाली, नशीब काढलं. पांढुर्ण्यात कोणी विचारलं तर मीही तेच सांगते, कारण ते खोटं नाही. ती गाते का, असं कोणी विचारत नाही. ती गायची हे सौंसरच्या त्या दुपारी जे होते त्यांनाही आता आठवत नाही. त्यांना आठवते ती मधेच बोललेली बाई.

मी एकाहत्तर वर्षांची आहे, पांढुर्ण्याला राहते, एकटी. ती सव्वीसची आहे, मुंबईला राहते, एकटी. हे आम्हा दोघींच्या वाट्याला आलं, तिसऱ्या कोणाच्या नाही.